लेकरांना पंचशील शिकवायचंय, पण "हे करू नको, ते करू नको" असं नको. खेळ सुचवा

विहारवर्ग_जिंतूर

जय भीम, नमो बुद्धाय.

विहारात दर रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ लेकरांचा वर्ग असतो. २२ लेकरं आहेत, वय ५ ते १३, आणि सगळी एकाच खोलीत. आषाढी पौर्णिमेला वर्षावास (पावसाळ्यात भिक्खू एका जागी राहतात तो काळ) सुरू झाला की अश्विन पौर्णिमेपर्यंत बारा-तेरा रविवार हातात येतात. तेवढ्यात पंचशील (क्रमाने जीव घेणं, न दिलेलं घेणं, व्यभिचार, खोटं आणि नशा या पाचांपासून दूर राहणं) पाठ तर व्हावंच, पण कळावंही.

पाठांतराची अडचण नाही, पोरं घडाघडा म्हणतात. अर्थ विचारला की पाचही शीलांचा अर्थ एकच निघतो, "खोटं बोलू नये, बाईंचं ऐकावं". तिसरं शील सात वर्षांच्या लेकराला काय म्हणून सांगायचं? मोठी पोरं विचारतात, "मग मटण कामून खातात?" आणि गुण-बक्षीस ठेवलं की एकमेकांच्या चहाड्या सुरू होतात.

खर्चाला पैसे नाहीत म्हटलं तरी चालेल. घरात किंवा गावात सापडेल अशाच वस्तू सांगा. दुसऱ्या धर्माचे वर्ग घेणाऱ्यांनीही लिहा. नियम वेगळे असले तरी लेकरं तीच आहेत.

---

पाटी_पेन्सिल (लातूर)

ताई, आधी शब्दापासून सुरुवात करा. पंचशीलात "करू नकोस" हे क्रियापद एकदाही येत नाही. "वेरमणी" म्हणजे दूर राहणं, "सिक्खापदं" म्हणजे शिकण्याचा नियम, "समादियामि" म्हणजे मी स्वतः घेतो. वाक्य प्रथमपुरुषी आहे: प्राण्याचा जीव घेण्यापासून दूर राहण्याचा नियम मी घेतो. आपण मराठीत सांगताना त्याचं "जीव मारू नये" करून टाकतो. तिथंच त्याची आज्ञा होते आणि लेकराला ती बाईंची आज्ञा वाटते. तुमच्या पोरांचं उत्तर त्यामुळे चुकीचं नाही, आपण शिकवलं तसंच आहे. पहिल्या रविवारी एवढंच करा. पाचही शीलांचा मराठी अर्थ "मी..." ने सुरू करून फळ्यावर लिहा आणि "नये", "नको" हे शब्द त्या दिवसापुरते बंद ठेवा.

पाठ करून घेताना शेपूट आधी शिकवा. "वेरमणी सिक्खापदं समादियामि" हा भाग पाचही शीलांत तसाच आहे, बदलतं ते फक्त डोकं. लेकरांचे दोन गट समोरासमोर बसवा. एका गटाने डोकं म्हणायचं, दुसऱ्याने शेपूट, आणि दोन फेऱ्यांनी अदलाबदल. पाच वर्षांच्या लेकरांना सुरुवातीचे तीन-चार रविवार फक्त शेपूट द्या. त्यांना पूर्ण पंचशील म्हटल्याचा आनंद मिळतो आणि चुकायला काही उरत नाही. पाचव्याचं डोकं लांब आहे, त्याला चार टाळ्या: सुरा, मेरय, मज्ज, पमादट्ठाना. टाळी शब्दाच्या सुरुवातीला पडली पाहिजे. शेवटी पडली की "मज्जप" असा नवाच शब्द जन्माला येतो.

आता तांब्या. खोटं बोलण्याबद्दल लेकराला कसं सांगावं याचा नमुना बुद्धांनीच घालून दिलाय आणि आपण तो सोडून बक्षिसाच्या पेन्सिली वाटत बसतो. मज्झिम निकाय या पाली ग्रंथातलं ६१वं सुत्त (उपदेश), अम्बलट्ठिक राहुलोवाद. परंपरेप्रमाणे बुद्धांचा मुलगा राहुल तेव्हा सात वर्षांचा, म्हणजे तुमच्या वर्गाच्या मधल्या वयाचा. बैराटजवळच्या भाब्रू शिलालेखात अशोकाने भिक्खूंनी आणि उपासकांनी वारंवार ऐकावेत असे जे उपदेश नोंदवले, त्यांत राहुलाला खोट्याबद्दल केलेला हा उपदेश आहे.

करायचं असं. लेकरं गोलात, मध्ये स्टीलचा तांब्या आणि तळाला दोन घोट पाणी. प्रत्येकाने उठून आत डोकवायचं. तुम्ही म्हणायचं, जाणूनबुजून खोटं बोलताना ज्याला लाज वाटत नाही, त्याच्यात चांगुलपणा एवढाच उरतो. मग ते पाणी ओतून द्या. कुंडीत ओता, फरशीवर नको, लेकरं घसरतात. "त्याने चांगुलपणा असा ओतून दिला." मग तांब्या पालथा घाला, "असा पालथा केला." शेवटी सरळ करून रिकामा दाखवा. प्रत्येक पायरीला आधी लेकरांना विचारा, "आता काय राहिलं?", आणि उत्तर आल्यावरच पुढचं वाक्य बोला. सगळं सलग बोलून गेलात तर लेकरांच्या लक्षात फक्त पाणी सांडल्याचं राहतं. काचेचा ग्लास घेऊ नका. बसल्या जागेवरून दिसलं की कोणी उठून डोकवत नाही आणि अर्धी गंमत तिथंच जाते.

त्याच सुत्तात पुढे आरसा येतो. आरसा कशासाठी? बघण्यासाठी. तसं प्रत्येक काम करण्याआधी, करताना आणि केल्यावर बघायचं, यानं मला, दुसऱ्याला किंवा दोघांना त्रास होतोय का? पुठ्ठ्याचे तीन तुकडे घ्या, त्यांवर "आधी", "करताना", "नंतर" लिहा आणि दाढीचा छोटा आरसा मध्ये ठेवा. एखादा प्रसंग सांगा आणि लेकराने कोणत्या तुकड्याजवळ थांबायला हवं होतं ते त्यानेच दाखवायचं. बहुतेक लेकरं "नंतर"कडे धावतात. मग तोच प्रसंग "आधी"पाशी थांबून पुन्हा सांगायला लावा. राहुलोवादात "नंतर"लाही वाट ठेवली आहे: चूक जाणत्या माणसाला उघड सांगायची आणि पुढे जपायचं. हे सांगायला विसरू नका, नाहीतर चुकलेलं लेकरू पुढच्या रविवारी येणार नाही.

---

चिंचोके_चार (नांदेड)

सापशिडी करा, पण बाजारातला कागद आणू नका. आपल्याकडच्या जुन्या मोक्षपटात घराघरांवर गुण-दुर्गुण लिहिलेलेच असायचे, म्हणजे खेळ मुळात याच कामाचा.

वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एक मोठा फ्लेक्स मिळवा. मराठवाड्यात याची टंचाई नाही, चौकात तारीख उलटली की मागून घ्या. मागची पांढरी बाजू वर. नऊ फूट चौरस जागेत ६ गुणिले ६, अशी ३६ घरं आखा, प्रत्येक घर दीड फुटाचं. म्हणजे लेकरू स्वतःच सोंगटी होऊन घरात उभं राहतं. आकडे औत वळवल्यासारखे टाका: पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. शंभर घरं नकोत. तासभर डाव संपत नाही आणि शेवटी भांडणं.

फाशाऐवजी चार चिंचोके, एका बाजूने खरखरीत दगडावर घासून पांढरे केलेले. जितके पांढरे वर तितकी घरं, चारही काळे पडले तर आठ. या हिशेबाने एका फेकीला सरासरी अडीच घरं पडतात, म्हणजे एका गटाला चौदा-पंधरा फेकी. चार गट केले की वीस ते पंचवीस मिनिटांत डाव उरकतो. घासणी सारखी हवी. एक चिंचोका गोल राहिला तर तो सारखा काळ्यावरच पडतो आणि पोरं ते दोन डावांत ओळखतात. पाच वर्षांच्या लेकरांच्या हातात चिंचोके देऊ नका, नाकात-तोंडात घालतात. फेकायला मोठं लेकरू, चालायला लहान. डाव संपला की चार मोजून घ्या.

शिड्या पाच: ३ वरून १२, ८ वरून १६, १४ वरून २२, १९ वरून २७, २५ वरून ३२. त्यांवर अनुक्रमे मैत्री, दान, संयम, सत्य, सावधपणा. साप पाच: ११ वरून ४, १८ वरून ९, २४ वरून १५, २९ वरून २०, ३४ वरून २६. हे आकडे तसेच ठेवा. बदलायचे असतील तर सापाची शेपटी शिडीच्या पायाशी येणार नाही एवढं बघा, नाहीतर लेकरू वर-खाली झोके घेत बसतं. ३५ व्या घरात साप कधीच नको. जिंकता जिंकता गिळलेलं पाच वर्षांचं लेकरू उरलेला वर्ग रडण्यात घालवतं.

आता खरी गोष्ट. सापशिडी नशिबाची. दान पडलं म्हणून साप चावला, याचा अर्थ लेकरू असा घेतं की वाईट काम आपोआप घडतं, आपला काय दोष? वर पाटी_पेन्सिल सरांनी "मी घेतो" म्हटलंय त्याच्या हे बरोबर उलटं झालं. म्हणून सापाच्या तोंडाशी आलं की गटाला एक प्रसंग द्यायचा: "भावाचं मोडलेलं खेळणं तू लपवलंस." वीस आकडे मोजेपर्यंत त्यांनी ते निस्तरायचा मार्ग सांगायचा. सांगितला तर साप गिळत नाही, फक्त एक फेक जाते. सुचला नाही तर खाली. शिडीलाही तसंच. काल-परवाचं एखादं खरं काम सांगितलं तर वर, नाहीतर तिथंच उभं.

पावसाळ्यात ओल्या पायांनी फ्लेक्सवर पाय सरकतात. पाय पुसून या आणि चारही कोपऱ्यांना विटा ठेवा. गुंडाळताना आखलेली बाजू आत ठेवा, मार्कर टिकतो.

---

ण_की_न (परभणी)

शेपूट आधी, ही युक्ती उत्तम. फक्त शेपूट चुकीचं बसलं तर पाच वेळा चुकतं, म्हणून उच्चार पहिल्याच दिवशी पक्के करा. "समादियामि" आहे, "समाधियामि" नाही. समाधी हा वेगळा विषय आहे. "वेरमणी"त ण आहे. "पाणातिपाता"तही ण आहे. आपल्याकडे ण-न ची सरमिसळ बोलण्यातच आहे, त्यामुळे "पानातिपाता" ऐकू येतं आणि लेकरू ते पिण्याच्या पाण्याशी किंवा झाडाच्या पानाशी जोडतं. पाण म्हणजे प्राण, एवढं सांगितलं की जीभ आपोआप वळते. "अदिन्नादाना" फोडून सांगा: अदिन्न म्हणजे न दिलेलं, आदान म्हणजे घेणं. "पमादट्ठाना" म्हणताना मोठी माणसं संस्कृत आठवून "प्रमाद" करतात. म्हणायचं पालीत आणि समजावायचं मराठीत, दोन्हींची खिचडी नको.

मोठ्यांना बाजूला बसवू नका. वर्गात त्यांचाच आवाज मोठा असतो आणि चूकही त्यांचीच पसरते. त्यांनाही शेपटाच्या गटात घाला.

---

विहारवर्ग_जिंतूर

सर, दादा, मनापासून आभार. फ्लेक्स आजच बघून ठेवला. तिसरं आणि पाचवं शील राहिलं. पाचव्याला आणखी एक अडचण आहे. काही लेकरांच्या घरात रोज पिणं आहे, त्यांच्यासमोर काय बोलावं?

---

गोदाकाठ_ताई (पैठण)

तिसऱ्याचा अर्थ वयानुसार तीन तुकड्यांत द्या. सगळ्यांना एकदम सांगायला जाल तर लहानांना कळत नाही आणि मोठी खाली बघून हसतात.

५ ते ८: फक्त "माझं अंग माझं, तुझं अंग तुझं". खेळ "विचारून टाळी". लेकरं खोलीभर फिरतात, समोर आलेल्याला "टाळी देऊ?" विचारायचं. समोरचं "हो" म्हणालं तर टाळी, "नको" म्हणालं तर नमस्कार करून पुढे. मुद्दाम एक फेरी अशी घ्या की सगळ्यांनी निदान एकदा "नको" म्हणायचंच. पहिल्यांदा कुणी म्हणतच नाही, कारण आपल्याकडे नको म्हणणाऱ्या लेकराला आगाऊ म्हणतात. म्हणून पहिलं "नको" बाईंनी बाईंना म्हणून दाखवावं. नको ऐकल्यावर तोंड पाडणं, पुन्हा मागणं, गुदगुल्या करून हो म्हणवणं, हे सगळं डाव मोडणं आहे असं आधी सांगून ठेवा.

९ ते ११: चिडवणं, ढकलणं, नावं जोडणं, कुणाचा फोटो न विचारता पुढे पाठवणं. १२-१३ ची मुलं-मुली वेगळी बसवा. मुलींसमोर बाई, मुलांसमोर दादा. तिथे विश्वास आणि फसवणूक याबद्दल सरळ बोला. "व्यभिचार" हा शब्द फळ्यावर लिहून ठेवून अर्थ टाळला तर पोरं तो मोबाइलवर शोधतात.

एक नियम सगळ्या वयांना: या खेळानंतर एखादं लेकरू काही सांगायला आलं तर "कुणालाच सांगणार नाही" असं वचन देऊ नका. ऐकून घ्या, खोदून विचारू नका आणि मदत लागेल तिथे १०९८ या चाइल्डलाइन क्रमांकावर कळवा. तो नंबर विहाराच्या भिंतीवर लेकरांच्या उंचीवर लिहा.

पाचव्यासाठी घरातल्या माणसाचं नाव, "कुणाचे पप्पा पितात?" असले प्रश्न, पिणाऱ्याची नक्कल, सगळं बंद. पोरगं बापाची बाजू घेणार किंवा बापाची लाज बाळगणार, दोन्हींत शील राहतं बाजूला. "पमादट्ठाना" हा शब्दच धरा, म्हणजे जिथून भान सुटतं ती जागा. मग त्यात गुटख्याची पुडी येते (२०१२ पासून राज्यात बंदी आहे, तरी टपरीवर काय मिळतं ते लेकरांना आपल्यापेक्षा जास्त माहीत असतं) आणि जेवताना हातात धरलेला मोबाइलही येतो, त्यामुळे बोट एकाच घराकडे जात नाही.

खेळ असा: अंगणात खडूने दहा फुटांची सरळ रेघ काढा. लेकराने रेघेवरून चालायचं आणि शेवटी १७ वजा ९ सांगायचं. मग जागेवर पाच गिरक्या घेऊन पुन्हा तेच. पाय रेघ सोडतात, उत्तर अडखळतं. विचारा, "रेघ हलली का? आकडे बदलले का?" नाही, भान हललं. एका वेळी एकच लेकरू, दोन्ही बाजूंना एकेक मोठं धरायला, जवळ दगड-पायरी नको. मिरगीचा किंवा कानाचा त्रास असलेल्याला गिरक्या नकोत, खाऊन लगेच तर कुणालाच नको. पाचपेक्षा जास्त गिरक्या घेतल्या तर शिकवण्याऐवजी ओकारी निस्तरावी लागते. आणि "मजा आली, पुन्हा!" असं म्हणणारी निघतातच. त्यांना एवढंच सांगा, गिरकी अर्ध्या मिनिटात उतरते.

---

रविवारशाळा_जालना

सर्वांना नमस्कार. ख्रिस्ती वर्गातल्या दहा आज्ञांचं थोडं सांगते. आमचं वाक्य द्वितीयपुरुषीच आहे, "खून करू नकोस", "चोरी करू नकोस", त्यामुळे वरच्या चर्चेतली अडचण आम्हाला दुप्पट. त्यावर उतारा मजकुरातच आहे. बायबलातल्या निर्गम या पुस्तकाच्या विसाव्या अध्यायात पहिल्या आज्ञेच्या आधी देव सांगतो की मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणलं. घाईत हे वाक्य गाळलं जातं. ते आधी शिकवा: अंगणात एक रेघ, अलीकडे मिसर, पलीकडे मोकळं रान. सगळी लेकरं उडी मारून पलीकडे आली की मगच आज्ञा सुरू. आधी सुटका, मग नियम, हा क्रम लेकरांच्या पायांना कळतो.

लक्षात ठेवायला बोटं. एक बोट वर: एकच देव. दोन बोटं वाकवलेली: मूर्तीपुढे वाकणं नाही. तीन बोटं ओठांवर: नाव व्यर्थ घेणं नाही. चार बोटं उभी, अंगठा तळव्यावर झोपलेला: शब्बाथाची, म्हणजे आठवड्याच्या पवित्र दिवसाची, विश्रांती. पाच बोटांचा पंजा डोक्यावर: आईबापाचा मान. पुढच्या पाचांच्या खुणा लेकरांनाच बनवायला द्या. त्यांनी बनवलेल्या खुणा ती विसरत नाहीत. सहाव्याला बंदूक करतात, ती करू देऊ नका, उघडा हात करा.

मग दोरी. विहाराच्या दोन खांबांना बांधता येईल अशी वाळत घालायची दोरी, दहा चिमटे, दहा पुठ्ठे. पुठ्ठे उलटेपालटे द्यायचे, दोन मिनिटांत क्रमाने टांगायचे. गोंधळ होतो तो इथे: कॅथलिक आणि प्रोटेस्टंट मोजणी वेगळी आहे. "खून करू नकोस" प्रोटेस्टंटांकडे सहावी, कॅथलिकांकडे पाचवी, कारण कॅथलिक मूर्तीची आज्ञा पहिल्यात धरतात आणि लोभाची शेवटी दोन करतात. मिश्र वर्गात आकडे लिहू नका, नाहीतर दोन लेकरं घरून दोन वेगळी उत्तरं शिकून येतात आणि दोन्ही बरोबर असतात. लोभाच्या आज्ञेत शेजाऱ्याचा बैल आणि गाढव येतात. लेकरांना तिथे आज काय लिहाल विचारलं की यादी शेजारच्याच्या सायकलीपासून सुरू होते.

पाच शीलांसाठीही दोरी चालेल: पाच डोकी, पाच अर्थ, पाच चांगल्या बाजू (शिड्यांवरची मैत्री, दान वगैरे) आणि पाच चित्रं, असे वीस पुठ्ठे. जुन्या लग्नपत्रिका कापा, दोन-दोन पाठीला पाठ लावून चिकटवा. एकेरी कागदातून पलीकडचं दिसतं आणि पोरं बघून टांगतात.

---

निवाडा_पाटील (उदगीर)

मोठ्या पोरांना, १० च्या पुढच्यांना, खेळापेक्षा वाद आवडतो. त्यांना वाद द्या. अट्ठकथांमध्ये (जुन्या पाली टीकाग्रंथांत) प्रत्येक शील केव्हा मोडतं याच्या अटी दिल्यात. जीव घेण्याच्या पाच: समोर जिवंत प्राणी आहे, तो जिवंत आहे हे माहीत आहे, मारायची इच्छा आहे, त्यासाठी प्रयत्न केला आणि त्याने तो मेला. चोरीच्याही पाच: वस्तू दुसऱ्याची, ते माहीत, घ्यायचा हेतू, प्रयत्न, आणि उचलली गेली. खोटं बोलण्याच्या चार: गोष्ट खरी नाही, फसवायचा हेतू, तसं बोलणं किंवा खूण, आणि समोरच्याला ते कळलं.

पाच चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. तीन पोरं पंच, दोन बाजूला दोन-दोन बोलणारी. प्रसंग वाचा, अट लागू असेल तर चिठ्ठीवर खडा. वावरातून चालताना पायाखाली मुंगळे मेले: इच्छेच्या चिठ्ठीवर खडा पडत नाही. डास मारायची रॅकेट फिरवली: पाचही पडतात, आणि मग चर्चा तापते. भावाला "विंचू मार" म्हणून सांगितलं: दुसऱ्याला सांगून करणं हाही प्रयत्नच. दुसऱ्याच्या बोरीखाली पडलेली बोरं उचलली, रानातले हरभऱ्याचे ढाळे उपटले: इथे "चोरी" हा शब्द सोडा आणि ण_की_न यांनी सांगितलेला "अदिन्न" घ्या. प्रश्न एकच, दिलं होतं का? "सगळेच घेतात" हे उत्तर येईल. विचारा, मालक समोर उभा असता तर हात पुढे गेला असता का?

धोका एक आहे. पोरं या अटींचा वकिलासारखा वापर करायला लागतात, "माझ्या मनात नव्हतं, म्हणजे सुटलो". म्हणून निवाडा झाला की वरच्या आरशाचा प्रश्न: त्रास कुणाला झाला आणि आता काय करतोस? उत्तर मिळाल्याशिवाय पुढचा प्रसंग नाही.

मटणाचं. उत्तर टाळू नका आणि कुणाच्या घरच्या चुलीवर निकालही देऊ नका. दोन गोष्टी पक्क्या सांगा. विनयात (भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथात) भिक्खूंसाठी नियम असा की आपल्यासाठी प्राणी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली तर ते मांस घ्यायचं नाही. आणि 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये बाबासाहेबांनी मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केलाय, अहिंसा हा नियम नसून तत्त्व आहे असं मांडलंय. पुढचं पोरांना बोलू द्या. त्यांच्यात दोन मतं पडली तर वर्ग चांगला चाललाय.

बावीस प्रतिज्ञा याच पोरांना जोडून घ्या. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी धम्मदीक्षेच्या वेळी दिलेल्या प्रतिज्ञांतल्या १३ ते १७ म्हणजे पंचशीलच, पण मराठीत आणि "मी" ने. शीलाची चिठ्ठी आणि प्रतिज्ञेची चिठ्ठी यांच्या जोड्या लावायला द्या, पाच मिनिटांचं काम आहे. नववी आणि दहावी, समतेच्या, जोडीविना उरतात. त्या का उरल्या हा पुढच्या रविवारचा विषय.

---

पाटी_पेन्सिल (लातूर)

बक्षिसाचं राहिलं होतं. गुणांचा तक्ता भिंतीवर लावला की लेकरं गुणांसाठी "मी आठवडाभर खोटं बोललो नाही" असं खोटं बोलतात. चौथं शील शिकवायला चौथंच मोडायला लावणं. त्याऐवजी पाच वाट्या मांडा, प्रत्येकीवर जुन्या वर्तमानपत्राचं झाकण आणि बोटभर भोक. आत येताना प्रत्येकाने एकच चिंचोका टाकायचा (पाच वर्षांच्यांचा मोठं लेकरू टाकेल), या आठवड्यात जे शील सगळ्यात जड गेलं त्याच्या वाटीत. नाव नाही, गुण नाही, बक्षीस नाही. सगळे आत आल्यावर झाकणं उघडा. ज्या वाटीत ढीग, त्या दिवशी तो विषय. तुमचा तयार केलेला पाठ वेगळा असला तरी तो बाजूला ठेवा. कधी तिसऱ्या वाटीत चिंचोका दिसला तर वर्गात त्यावर एक शब्दही बोलू नका. त्या दिवशी वर्ग सुटल्यावर अर्धा तास तिथेच बसून राहा आणि गोदाकाठ ताईंनी सांगितलेलं लक्षात ठेवा.

पाच रंगांच्या बौद्ध ध्वजाबद्दल कुणी विचारण्याआधीच लिहितो. कागदी ध्वज बनवणं छान काम आहे: निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी हे उभे पट्टे आणि सहाव्या पट्ट्यात हेच पाच आडवे. पण "पाच रंग म्हणजे पाच शीलं" असं सांगू नका. रंगांचे अर्थ वेगळे आहेत: निळा मैत्री-करुणेचा, पिवळा मध्यम मार्गाचा. सोपं जातं म्हणून जोडलेलं पुढे सोडवताना त्रास होतो.

---

चिंचोके_चार (नांदेड)

शेवटच्या रविवारी सहल करणार असाल तर वेरूळपेक्षा अजिंठा घ्या, या विषयाला तेच बरं. १७ व्या लेण्यात निग्रोधमृग जातक (बुद्धांच्या आधीच्या जन्माची गोष्ट) आहे: गाभण हरिणीच्या वाट्याला आलेलं मरण राजा-हरिण स्वतःवर घेतो. पहिल्या लेण्यात चंपेय्य जातक: नागराजाला गारुडी पकडतो, छळतो, आणि अंगात विष असून शील घेतलंय म्हणून तो डसत नाही. "मी घेतो"चं याहून चांगलं चित्र सापडणार नाही.

आत अंधूक उजेड असतो, फ्लॅश चालत नाही आणि भिंतीवर गोष्टी सरळ ओळीत नाहीत. तयारीशिवाय लेकरांना फक्त रंग दिसतात. आधीच्या रविवारी गोष्ट सांगून चित्राची छापील प्रत दाखवा, मग तिथे "हरिण शोधा, नाग शोधा" एवढंच काम द्या. दोनच लेणी नीट दाखवा आणि वेळ उरला तर २६ व्यातलं महापरिनिर्वाण. सोमवारी अजिंठा बंद असतो, वेरूळ मंगळवारी. फर्दापूर फाट्यावर गाडी लावून पुढचे चारेक किलोमीटर तिथल्या बसने जावं लागतं, तेव्हा परत निघायच्या वेळेला तासभर जास्त धरा. आणि जिंतूरहून पहाटेच निघा, ताई. उन्हं चढली की त्या पायऱ्यांवर लेकरं पाणीच मागत बसतात.

---

विहारवर्ग_जिंतूर

फ्लेक्स आखून झाला. २९ चा साप पुसून पुन्हा काढावा लागला, शेपटी चुकून १९ च्या शिडीपाशी गेली होती. पाच वाट्या आणि तांब्या विहारातच सापडला. एकच विचारते, २२ लेकरांचे चार गट करताना पाच वर्षांची सहा आहेत. ती चारही गटांत वाटून द्यावीत की त्यांचा वेगळा गट करावा?

---

चिंचोके_चार (नांदेड)

वाटून द्या, दोन गटांत दोन-दोन, दोन गटांत एकेक. वेगळा गट केला तर सापाच्या तोंडाशी त्यांना निस्तरायचा मार्ग सुचत नाही आणि तो गट खालीच फिरत राहतो. सोंगटी म्हणून उभं राहायला तीच बरी, दीड फुटाच्या घरात नीट मावतात.